एकच हाळी

आमच्या वाड्यावर कुत्र्याला 'शिकवायचं' असं कुणी म्हणत नसे. 'वळण लावायचं' म्हणत. पोराला वळण, खोंडाला वळण, कुत्र्यालाही वळण. तिघांना शब्द एकच. पुढं मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला लागलो, तिथं 'श्वान प्रशिक्षण' हा शब्द पहिल्यांदा कागदावर वाचला आणि वाटलं, हे काहीतरी निराळं असणार. निराळं नव्हतं. फक्त आमच्या आबांना जे चार शब्दांत सांगता यायचं, त्याला तिथं चारशे पानं लागली होती.

वाडा म्हणजे चिरेबंदी घर समजू नका. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या चार-सहा कुटुंबांचा तळ म्हणजे वाडा. आज इथं, परवा तिथं. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. पाऊस बेताचा, माळ मुरमाड. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड चढायचं, भांडीकुंडी, घोंगडी, कोंबड्या, लहान पोरं, सगळं. मेंढरं पुढं, बाया घोड्यांबरोबर, आणि आम्ही कऱ्हाड-पाटण करत कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायचो. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत त्यांना, धान्य आम्हांला. पावसाच्या आधी परत माणात. रात्री मेंढरांभोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली जाळी. जाळीच्या आत मेंढरं, बाहेर कुत्री, आणि कुत्र्यांच्या बाहेर अंधार.

त्या अंधारात लांडगा असायचा. म्हणून कुत्रं.

माणसानं कुत्र्याची आठवण दगडाधातूत ठेवली, ती आपल्या या दख्खनच्या मुलखातही फार जुनी आहे. नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. तिथं 1974 साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथा रथ. रथाला दोन बैल जुंपलेले, मागं माणूस उभा. आणि बैल व माणूस यांच्यामधल्या लांब दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ते घडवलं. मी त्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बैलांकडं नाही, कुत्र्याकडंच बघत राहिलो. दांडा केवढासा, पण गडी कसा निवांत उभा. त्याला ठाऊक आहे, मागं आपला माणूस आहे.

दुसरी आठवण कर्नाटकातली. मंड्या जिल्ह्यात आतकूर गावी एक वीरगळ होता. साल इसवी सन 949-950. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा तो काळ. तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मनलेर नावाच्या सरदाराला गंग राजा बुतुगानं विचारलं, बक्षीस काय पाहिजे? त्यानं राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढं तो कुत्रा एका दांडग्या रानडुकरावर सोडला आणि दोघंही एकमेकांशी झुंजून मेले. मनलेरानं कुत्र्यासाठी दगड उभा केला, त्यावर झुंज कोरली, आणि दगडाची पूजा चालावी म्हणून जमीन लावून दिली. माणसाला वीरगळ असतात, ते आपण गावोगाव बघतो. कुत्र्याला वीरगळ, म्हणजे त्याची गणती माणसात केली.

तिसरी आठवण मुधोळची. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान होतं मराठ्यांचं, घोरपड्यांचं. संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी तिथल्या उंच, लांब तोंडाच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या कुत्र्यांची पैदास जोपासली. आपल्याकडं त्यांनाच कारवानी म्हणतात. 2005 साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळ होतं. 2016 च्या सुमारास मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिकायला गेली. आपल्या भागातलं कुत्रं पलटणीत गेलं म्हणून मलाही बरं वाटलं.

पण ही सगळी राजाची कुत्री, शिकारीची कुत्री. पळून धरायचं हे त्यांचं काम. मेंढरामागच्या कुत्र्याचं काम उलटं. त्यानं पळायचं नाही, थांबायचं. रात्र रात्र एका जागी थांबायचं, आणि अंधारातून काही आलं तर मागं न सरता थांबायचं. त्याचा ना दगड उभा राहिला, ना तिकीट निघालं. त्याची जातही कुणी विचारत नाही, 'गावठी' म्हणून सोडून देतात. अशाच एका कुत्र्याची आणि त्याला वळण लावणाऱ्या माणसाची ही हकिकत. त्यात माझंही थोडं आहे. ते चांगलं नाही, पण सांगायला पाहिजे.

त्याचं नाव भुऱ्या. आमच्या थोरल्या कुत्रीला वाटेतच झालेल्या चार पिल्लांतला एक. डोळे उघडले तशी आबांनी पिल्लं कोकरांच्या दावणीला आणून टाकली. दिवसभर कोकरांत लोळायची, रात्री कोकरांच्या उबेला झोपायची. पोरांनी उचलून खेळवलेलं आबांना चालायचं, पण बिऱ्हाडात झोपायला न्यायचं नाही. म्हणायचे, "त्येला म्हाईत पायजे, आपलं घर कंचं. ह्या कोकरांत वाढलं तर मोठं झाल्यावर कोकरांना सोडून जाणार न्हाय."

आणि एक नेम. कुत्र्याला बोलवायची हाळी एकच. "यू... यू... यू." तीन वेळा, सावकाश, शेवटचा 'यू' जरा लांब. ही हाळी दिली की भाकरीचा तुकडा मिळणारच. एक दिवसही चुकवायचं नाही. आणि या हाळीनं बोलावून कधी मारायचं नाही, कधी बांधायचं नाही. पोरं गमतीनं उगीच "यू यू" करायची, तेव्हा आबा एरवी कधी न चढवणारा आवाज चढवायचे. "ती हाळी हाय, खेळणं न्हवं. खोटी केली तर लांडगा आल्यावर त्यो कशाला ऐकंल?"

कोकराच्या मागं धावला किंवा पिठाच्या पोत्यात तोंड घातलं, तर आबा फक्त "हां!" म्हणून मधे उभे राहायचे, काठी आडवी धरून. मारायचे नाहीत. कुत्रं मागं सरेपर्यंत उभे. मग बाजूला. पण हे दर वेळी. आज रागावले, उद्या सोडून दिलं, असं नाही. आणि वाड्यावरच्या सगळ्या बायाबापड्यांनी तेच करायचं.

1967 साली मी दहा वर्षांचा होतो, भुऱ्या वर्षाचा होत आला होता. दिवाळीनंतर निघालो, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाटणच्या पुढं, कोयनेच्या काठी, भात काढलेल्या एका खाचरात तळ पडला होता. तिथले लोक सांगायचे की धरणात पाणी भरल्यापासून जमीन अधूनमधून हलते. आम्हांला त्याचं फार काही वाटलं नाही.

11 डिसेंबरच्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, ती हलली. वेळ नंतर पेपरात आली. आमच्याकडं घड्याळ कुठलं? मला आठवतो तो आवाज. आधी जमिनीच्या पोटातून गडगड आला, जणू शंभर गाड्या दगडावरनं चालल्यात. मग अंगाखालची घोंगडी कुणी ओढल्यासारखी झाली. मेंढरांनी वाघर तोडली. घोडी मेखा उपटून पळाली. आई माझ्या अंगावर पडली होती, आणि आकाशात चांदण्या मात्र जागच्या जागी होत्या.

उजाडल्यावर कळलं. कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं होतं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आसपासच्या गावांत घरांच्या भिंती माणसांवर आल्या होत्या. आमची दोन कोकरं चेंगरली, एक घोडी लंगडी झाली, माणूस एकही गेला नाही. आजी म्हणाली ते मी पुढं कितीदा आठवलं, "आपल्या डोस्क्यावर पडायला छप्परच न्हवतं बाई."

भुऱ्या नव्हता. बाकीची कुत्री दुपारपर्यंत आली. तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. शेपूट पोटाखाली, पायाला जखम, आणि डोळे असे की कुणाचाच नाही. सरळ सामानाच्या गाठोड्यांत शिरला आणि तिथंच राहिला.

मोठा हादरा एकदाच झाला, पण लहान हादरे थांबत नव्हते. दिवसात दोन, तीन, कधी जास्त. प्रत्येक वेळी बायका ओरडायच्या, पोरं रडायची, गडीमाणसं "आलं, आलं!" करत उठायची. आणि भुऱ्या पळायचा. पुढं पुढं हादरा नसतानाही पळायचा. भांडं पडलं, पळाला. कुणी खोकलं, पळाला. रात्री वाघरीजवळ थांबेना. वाघर एका बाजूनं उघडी पडली.

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, ते म्हणाले, "कुत्रं निकामी झालं. जरा मार बसल्याबिगर त्येचं भ्या जाणार न्हाय." तेव्हा असं पुष्कळ जण मानत. कान कापले की कुत्रं तिखट होतं, मार खाल्ला की कडक होतं. आमच्याही वाड्यावर कान कापलेली कुत्री होती. सगळं धनगरी ज्ञान सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. नानांनी भुऱ्याला वाघरीजवळ खुंट्याला बांधला, आणि तो कण्हला, ओढाताण करायला लागला, की काठी घालायचे. दोन दिवसांत त्याचं कण्हणं थांबलं. नाना म्हणाले, "बग, वळला." तो वळला नव्हता. मातीत तोंड खुपसून पडला होता. त्या रात्री कोल्ह्यानं येऊन आमची कोंबडी नेली, त्याच्यापासून दहा हातांवरनं. त्यानं मानसुद्धा उचलली नाही.

आता माझं. नानांच्या सांगण्यावरनं एका संध्याकाळी मी त्याला दोरीनं ओढ्यावर पाण्याला नेत होतो. हादरा आला. त्यानं हिसका दिला, मी तोंडावर पडलो, हनुवटी फुटली. काठावरची पोरं हसली. हादऱ्यानं माझीही छाती धडधडत होती, पण ते कुणाला दिसलं नव्हतं, पडलेलं मात्र दिसलं होतं. मी दोरी झाडाला बांधली आणि हातातल्या काठीनं त्याला मारला. किती मारला ते सांगवत नाही. तो चावला नाही, गुरगुरलाही नाही. जागेवर मुतला आणि माझ्याकडं न बघता दुसरीकडं बघत राहिला.

मान वर केली तर आबा उभे होते. मला वाटलं, आता माझी पाठ. पण ते काहीच बोलले नाहीत. दोरी सोडली, गळ्यातली पण काढली, आणि वाड्याकडं चालायला लागले. रात्री शेकोटीपाशी मला जवळ बसवलं. हातात चाती होती, लोकर कातत होते.

"हादरा आला तवा तुला भ्या वाटलं का न्हाय?"

"वाटलं, आबा."

"मग तुला कुणी मारलं का?"

मी रडायला लागलो. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "भ्या मारून जात न्हाय, लेका. मारलं की एका भ्यात दुसरं भ्या मिळतं. आता त्येला जिमिनीचं भ्या हाय आन माणसाचंबी हाय. जिमीन काय आपल्या हातात न्हाय. माणूस हाय."

दुसऱ्या दिवसापासून भुऱ्या माझ्याकडं. पण कसा? हात लावायचा नाही, मागं जायचं नाही, लाड करायचे नाहीत. सकाळी एक, संध्याकाळी एक, ठरल्या वेळी गाठोड्यांपासून पाच पावलांवर बसायचं, त्याच्याकडं पाठ करून. आबांसारखी हाळी द्यायची. भाकरी ठेवायची आणि उठून जायचं. तो आला न आला, तरी. पाच-सहा दिवसांनी जागा एक पाऊल वाघरीकडं सरकवायची. तो आला नाही तर परत मागं. "तुझ्या घाईनं न्हाय, त्येच्या पायानं," आबा म्हणायचे.

सगळ्या वाड्यालाही ताकीद होती. हादरा आला तर कुणी ओरडायचं नाही. बायका म्हणाल्या, तोंडातनं जातंच की! आबा म्हणाले, "जाऊ दे. पण माझ्याकडं बगा आदी." आणि खरंच, हादरा आला की ते जिथं असतील तिथं बसायचे, चाती फिरवायचे आणि कातत राहायचे. सूत तुटलं तर जोडायचे. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. मी शेजारी बसायचो म्हणून मला दिसायचं, चातीवरची बोटं जरा थरथरायची. पण चाती थांबायची नाही. आधी पोरं थांबली रडायची. मग बायका. मेंढरं उठून उभी राहायची ती आबांकडं तोंड करून, आणि परत बसायची. सगळ्यांत शेवटी, गाठोड्यांमधनं, भुऱ्या बघायला लागला.

एकदा मी विचारलं, "आबा, तुमीच म्होरकं का?" ते हसले. "म्होरक्या म्हंजी वरडणारा न्हाय. ज्येच्याकडं बगून बाकीची थांबत्यात, त्यो म्होरक्या. आपल्या कळपातबी बग, म्होरकी मेंढी कुणाला ढुशी मारती का? ती नुसती चालती."

घाट उतरून कोकणात गेलो. हादरे मागं राहिले, पण भुऱ्याच्या अंगातले राहिले नव्हते. पौष गेला, माघ गेला. शिमग्याच्या सुमारास तो वाघरीपासून दहा पावलांवर बसायला लागला. मी हाळी दिली की यायचा, भाकरी घ्यायचा, कधी माझ्या पाठीला नाक लावायचा. मी वळून बघत नसे. बघावंसं फार वाटायचं. होळीला गावानं ढोल वाजवले तेव्हा तो उठला, चार पावलं पळाला, थांबला, आणि मागं वळून आबांकडं बघितलं. आबा भाकरी खात होते. तो परत येऊन बसला. आबांनी नुसती मान हलवली आणि मला म्हणाले, "झालं."

परत माणात आलो तेव्हा वैशाख होता. माळ तापलेला, गवत जळालेलं. तिथं एका रात्री लांडगे आले, दोन. आधी थोरली कुत्री भुंकली, पण ती तळाच्या पलीकडच्या बाजूला होती. वाघरीच्या या अंगाला भुऱ्या एकटा होता. मला जाग आली तेव्हा तो उभा होता. पाय लटलट कापत होते, चांदण्यात स्पष्ट दिसत होतं. शेपूट ना खाली, ना वर. आता पळणार, असं मला वाटलं.

आबा उठले. ओरडले नाहीत, दगड मारला नाही. घोंगडं खांद्यावर टाकलं, सावकाश चालत भुऱ्याच्या मागं पाच हातांवर जाऊन उभे राहिले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "यू... यू... यू."

भुऱ्यानं मागं बघितलं. मग पुढं बघितलं. आणि दोन पावलं पुढं गेला. तिथं त्यानं आवाज काढला तो मी त्याच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. लांडगे थोडा वेळ थांबले, आणि आले तसे गेले. त्या रात्री कोकरू गेलं नाही. आठवड्यानं एक गेलं, भुऱ्या असतानाच. आबा त्यावर एवढंच म्हणाले, "त्योबी वाटंकरीच हाय." कुत्रं जिंकलं, लांडगा हरला, असं माळावर नसतं. कुत्रं जागेवर राहिलं, एवढंच असतं. आणि तेवढंच लागतं.

पुढं मी शिकलो, नोकरीला लागलो. दवाखान्यात आलेल्या गुरांइतकीच कुत्र्यांची पुस्तकं मी चाळली असतील. त्यांत कळलं की ज्या वादात नाना आणि आबा एका शेकोटीला बसून भांडले होते, तोच वाद जगानं शंभर वर्षं घातला आहे.

जर्मनीत कोनराड मोस्ट नावाचा अधिकारी 1906 पासून पोलिसांची कुत्री तयार करत होता. त्याचं 1910 चं पुस्तक फार गाजलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, माणूस आणि कुत्रं यांच्यात एक वरचढ आणि एक खालचा असणारच, म्हणून जोर लावून माणसानं आपणच वरचढ आहोत हे ठरवून टाकावं. म्हणजे आमचे नाना. त्याच दशकात, पहिल्या महायुद्धात, इंग्लंडमध्ये रिचर्डसन नावाच्या अधिकाऱ्यानं 1917 साली शूबरीनेसला लष्करी कुत्र्यांची शाळा काढली. खंदकांतून चिठ्ठ्या पोचवायला त्यानं बेवारशी कुत्र्यांच्या आसऱ्यांतली कुत्रीही घेतली. तोफा धडधडताना एकट्यानं पळत जायचं, म्हणजे भीतीचंच काम. त्याचा नियम असा की, चुकलं तर मारायचं नाही, परत पहिल्यापासून शांतपणे दाखवायचं. म्हणजे आमचे आबा. दोघं एकाच युद्धाच्या दोन बाजूंना.

बराच काळ जोर पहिल्या मताचा राहिला. त्याला बळ मिळालं लांडग्यांवरून. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल यानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. ते लांडगे कोंडलेले होते, आणि कोंडलेली जनावरं भांडतात. त्यातून समज रूढ झाला की, लांडग्यांच्या टोळीत मारामारी करून एक जण दादा होतो, आणि कुत्रंही लांडग्याच्याच कुळातलं, म्हणून मालकानंही दादा व्हावं. अमेरिकेतले डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं तो समज आणखी पसरला. मग त्याच मेकनी उत्तरेकडच्या एल्समीर बेटावर तेरा उन्हाळे रानटी लांडग्यांजवळ काढले आणि 1999 साली लिहिलं की, टोळी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथं कुणी मारामारी करून म्होरक्या होत नाही. आई-बाप असतात म्हणून पुढं असतात. आपलं जुनं पुस्तक आता छापू नका, असंही त्यांनी प्रकाशकाला सांगितलं. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. आपलं चुकलं हे छापून सांगायला छाती लागते.

पिल्लं कोकरांत टाकायची आबांची पद्धतही मला कागदावर भेटली. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत बार हार्बर इथं अनेक वर्षं पिल्लं वाढवून बघितली. 1965 च्या त्यांच्या ग्रंथात आहे की, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात राहील, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं. पुढं 1970 च्या दशकात कॉपिंजर नवरा-बायकोनं तिथल्या मेंढपाळांसाठी युरोप आणि तुर्कस्तानकडची राखणीची कुत्री नेली, तीही पिल्लपणीच मेंढरांत ठेवून. आमच्याकडं याला कुणी प्रयोग म्हणालं नसतं.

यातला एकही कागद आबांपर्यंत पोचणं शक्य नव्हतं, त्यांना अक्षर येत नव्हतं. पण मेंढरामागच्या माणसाला चूक परवडत नाही. वरवर शिस्तीत दिसणारं आणि आतून मोडलेलं कुत्रं शहरात चालून जातं. माळावर पहिल्याच रात्री उघडं पडतं. नानांच्या मारानं गप्प झालेला भुऱ्या आणि वैशाखात उभा राहिलेला भुऱ्या, दोन्ही मी पाहिले. पहिला आज्ञाधारक होता. दुसरा धीराचा. लोक या दोन्हींत गल्लत करतात.

माझा नातू पुण्यात असतो. त्यानं गेल्या वर्षी रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं. दिवाळीत फटाक्यांना ते भ्यालं, पलंगाखालून निघेना. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तुम्हीच त्याचे मालक आहात हे दाखवा, ओढून बाहेर काढा. मी म्हणालो, "दारं-खिडक्या लाव, पडदे ओढ, आणि इथं खाली बस. त्याच्याकडं बघू नकोस. आपलं काम कर." तो लॅपटॉप घेऊन फरशीवर बसला, मी पेपर घेऊन. बाहेर बार उडत होते. मी पानं उलटत होतो. वाचत काही नव्हतो, पानं तेवढी उलटत होतो, आबांच्या चातीसारखी. तासाभरानं पलंगाखालनं नाक बाहेर आलं. नातू हलायला लागला, मी त्याचा हात धरून ठेवला. "त्याच्या पायानं," म्हणालो. आता तो रोज एकाच वेळी, एकाच हाळीनं त्याला खायला देतो. यंदाची दिवाळी कशी जाते ते बघायचं.

भुऱ्या पुढं नऊ वर्षं जगला. चांगला राखणदार झाला, त्याची पिल्लं लोक मागून न्यायचे. माझ्याकडं तो शेवटपर्यंत यायचा, पायाशी बसायचा, पाठीला नाक लावायचा. पण माझ्या हातात काठी असली, मेंढरं वळायची नेहमीचीच काठी, तर तो लांबून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं यायचा. आबांच्या काठीला त्यानं कधी वळसा घातला नाही. फक्त माझ्या.

आता माझं वय झालंय. चालायला काठी लागते. नातवाकडं गेलो की ती मी दाराबाहेर ठेवतो आणि भिंतीला धरून आत जातो. सून म्हणते, बाबा, पडाल. तिला कारण सांगितलेलं नाही.